करमणूक आणि करमणे

'करमणे' हे क्रियापद मराठीत बहुधा नकाराच्या सोबतीनेच भेटते. नव्याने सासरी गेलेली मुलगी, वसतिगृहात आलेला विद्यार्थी, बदलीच्या गावी एकटा राहणारा शिक्षक, सर्वांचे गाऱ्हाणे एकच असते : 'करमत नाही.' याच क्रियापदापासून 'करमणूक' हा शब्द आला. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये आपल्या साप्ताहिकाला हे नाव दिले आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही यमूची कहाणी त्यातूनच क्रमशः वाचकांपुढे ठेवली. म्हणजे त्या काळी करमणूक या शब्दात केवळ वेळ घालवणे अभिप्रेत नव्हते. मन कशात तरी गुंतणे अभिप्रेत होते. पुढे हा शब्द हळूहळू पातळ होत गेला. तो किती पातळ झाला, हे पाहायचे असेल तर वृद्धाश्रमांविषयीचा कायदा वाचावा.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा संसदेने २००७ मध्ये केला. महाराष्ट्राचे त्याखालील नियम २०१० चे आहेत. या कायद्याच्या कलम १९ नुसार राज्य सरकार जिल्ह्यात किमान एक, निराधार अशा किमान १५० ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढू शकते. 'काढू शकते' ही शब्दयोजना लक्षात घ्यावी. ते बंधन नव्हे, मुभा आहे. त्याच कलमात आश्रमांच्या व्यवस्थापनाचे निकष ठरवताना वैद्यकीय सेवेच्या जोडीने रहिवाशांच्या मनोरंजनाच्या साधनांचाही उल्लेख आहे. केंद्राने राज्यांसाठी तयार केलेल्या नमुना नियमांत या साधनांचा तपशील सापडतो : दूरदर्शन संच, वृत्तपत्र आणि पुस्तकांचा पुरेसा संग्रह. निजण्याच्या जागेचे माप त्याच नियमांत माणशी ७.५ चौरस मीटर असे आकड्यात दिले आहे. पुस्तकांच्या वाट्याला मात्र 'पुरेसा' हे विशेषण आले. कोणाला पुरेसा, कोणत्या भाषेतला, हे प्रश्न नियमांना पडलेले नाहीत.

सोलापुरात तरी ते पडायला हवेत. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा या शहरात शेजारी राहतात. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना घेऊन जवळच्या एका वृद्धाश्रमात गेलो होतो. भावगीते झाली, अभंग झाले, हारतुरे आणि छायाचित्रेही झाली. पुस्तकांचे कपाट होते. त्याला कुलूप होते. मागच्या बाकावर एक आजी अखेरपर्यंत निर्विकार बसून होत्या. शहराच्या पूर्व भागातून येणारी आमची एक विद्यार्थिनी त्यांच्याशी सहज तेलुगूत बोलली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला तो निघेपर्यंत सोडला नाही. त्यांनी जन्मभर विड्या वळल्या होत्या. आता बसून बसून बोटे आखडतात, वाती वळायला थोडा कापूस मिळेल का, एवढेच त्या विचारीत होत्या. आमच्या हारतुऱ्यांच्या खर्चात वर्षभराचा कापूस आला असता. दोन तास आम्ही त्यांची करमणूक करीत होतो आणि त्यांना करमत नव्हते.

अमेरिकेतील नियम या ठिकाणी तुलनेला घेण्याजोगे आहेत. तेथील नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचे छोटे खासगी रुग्णालय नव्हे. दीर्घकाळ शुश्रूषा लागणाऱ्यांचे ते निवासस्थान असते. १९८७ च्या सुधारणा कायद्यापासून, सरकारी आरोग्य योजनांचा पैसा घेणाऱ्या अशा संस्थांवर रहिवाशांसाठी उपक्रम चालवण्याचे बंधन आहे. ते उपक्रम प्रत्येकाची प्रकृती, गरज आणि आवड पाहून आखावे लागतात, त्यांची धुरा पात्रताधारक व्यक्तीकडे असावी लागते. ठरावीक प्रश्नावली घेऊन रहिवाशालाच विचारले जाते : वाचायला पुस्तके-मासिके असणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते? आवडीचे संगीत? प्राण्यांचा सहवास? मोकळ्या हवेत जाणे? धर्मविधीत भाग घेणे? आपला नियम वस्तूंची यादी करतो. हा नियम माणसाला विचारण्यापासून सुरुवात करतो. फरक श्रीमंतीचा आहेच, पण तेवढाच नाही.

यावर आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. जेथे रात्रपाळीला परिचारिका मिळत नाही, देणग्यांवर महिना ढकलावा लागतो, तेथे आवडीनिवडींचे कौतुक कसले? शिवाय नोंदवह्यांचा देशी अनुभव आम्हा प्राध्यापकांना वेगळा सांगायला नको. मूल्यांकन समिती येणार म्हटले की न झालेले उपक्रमही छायाचित्रांसह सिद्ध होतात. तरीही विचारायला पैसा लागत नाही, हे उरतेच. आणि खोट्या नोंदीची भीती हे नोंद न करण्याचे कारण होऊ शकत नाही. तपासणीस आलेल्याने वही न पाहता त्या आजींशी त्यांच्या भाषेत बोलावे, हा त्यावरचा उपाय आहे.

वृद्धसेवा संस्थांची नोंदणी आणि किमान निकष यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही व्यपगत झाले. राज्याला मात्र स्वतःच्या नियमांत सुधारणा करण्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रवेशानंतर महिन्याभरात प्रत्येक रहिवाशाची भाषा, आयुष्यभराचा व्यवसाय आणि आजही हातून व्हावेसे वाटणारे काम विचारून नोंदवावे आणि दर सहा महिन्यांनी त्याचे काय झाले ते पाहावे, एवढे एक कलम पुरे आहे.

राहिला प्रश्न आपला, साहित्य शिकवणाऱ्यांचा. 'नटसम्राट' (१९७०) आपण घर हरवलेल्या म्हाताऱ्याची शोकांतिका म्हणून शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण घर मिळाले असते, तर त्या नटाने दिवसभर करायचे काय, हा प्रश्न आपण कधी प्रश्नपत्रिकेत घातलेला नाही. वृद्धाश्रमात जाताना आपण कार्यक्रम घेऊन जातो आणि तेथील माणसांना प्रेक्षक करून परततो. पुढच्या वेळी वही घेऊन जावे, एखादा तेलुगू वा कन्नड जाणणारा विद्यार्थी सोबत न्यावा, आणि जमल्यास थोडा कापूसही.