बिनदाराचे गाव आणि दुकानातला कॅमेरा

शनिशिंगणापूरचे नाव निघाले की आपले व्यापारी बांधव हमखास एक प्रश्न विचारतात. "तिथे घरांना दारे नाहीत, दुकानांना कुलपे नाहीत, मग आपण का एवढे कॅमेरे लावत बसायचे?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आम्ही कापडाच्या धंद्यात आयुष्य घालवले. नगर–संभाजीनगर रस्त्यावर घोडेगावहून आत वळून शिंगणापूरच्या दुकानदारांना पंचे आणि भगवे कापड आम्हीही दिले आहे. म्हणून या प्रश्नाचा विचार या पानावर मांडावासा वाटला.

आमचा अकीदा वेगळा आहे, हे सांगायला नको. पण शेजाऱ्याच्या श्रद्धेकडे आदराने पाहावे, ही आपली तालीम आहे. नेवासा तालुक्यातील या गावात चौकटी आहेत, पण त्यांना दारे बसवलेली नाहीत. कुत्री-मांजरे आत येऊ नयेत म्हणून कुणी एखादी फळी आडवी लावतो, एवढेच. चोरी करणाऱ्याला देव पाहतो आणि शिक्षा करतो, हा गावाचा विश्वास आहे. थोडक्यात, गावाचा सारा बंदोबस्त एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे कोणीतरी पाहत आहे ही जाणीव. आपणही अल्लाहला 'बसीर', म्हणजे सर्व काही पाहणारा, मानतो. फरक इतकाच की आपल्यापैकी अनेकजण गल्ल्यावर बसल्यावर ते विसरतात.

पण जमाना शिंगणापुरातही बदलला. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने तेथे शाखा उघडली. गावाच्या रिवाजाचा मान राखून काचेचे दार ठेवले, दिसेल असे कुलूप लावले नाही. रोकड आणि मौल्यवान वस्तूंसाठी मात्र वेगळा बंदोबस्त ठेवला. २०१० मध्ये बाहेरून आलेल्या एका भाविकाच्या गाडीतून सुमारे ३५,००० रुपयांचा ऐवज गेल्याची तक्रार झाली. सप्टेंबर २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे आले. २०२५ मध्ये तर देवस्थानच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांकडून पैसे उकळल्याचे प्रकरण पोलिसांत गेले. म्हणजे चोर दारातून आलाच नाही, तो मोबाइलमधून आला. गावातल्या माणसाला गावाची भीड असते. बाहेरच्या माणसाला ती नसते. आपल्या बाजारपेठांतही आज निम्मे गिऱ्हाईक अनोळखी असते.

तेव्हा कॅमेरा लावावा, यात आम्हाला शंका नाही. उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, ही हदीस आपण सर्वांनी लहानपणीच ऐकली आहे. आमचे म्हणणे पुढचे आहे. आपले लोक कॅमेऱ्याला कुलूप समजतात, आणि तिथेच फसतात. कॅमेरा चोराचा हात धरत नाही. तो गवाह आहे. गवाह झोपलेला असेल तर निरुपयोगी, आणि खोटे बोलणारा असेल तर चोरापेक्षा घातक.

आमच्यावर गुजरलेली हकीकत

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी दुकानात आठ कॅमेरे लावले. एक जुना संगणक घेतला, त्यात कॅमेऱ्यांच्या तारा जोडायचे कार्ड बसवले, मोठा पडदा भिंतीवर टांगला. गिऱ्हाईक कौतुकाने पाहत असे आणि आम्हीही खूश होतो. एकदा हिशेबात कापडाचे चार तागे कमी भरले. चित्रण काढून पाहिले, तर दुपारी सव्वादोनला, आम्ही सारे जोहरच्या नमाजला गेलो असताना, आमचा एक कामगार गोदामात शिरून तागे काढताना दिसला. आम्ही चार माणसांसमोर त्याला जाब विचारला. तो गरीब शपथेवर सांगत होता की मी मशिदीत होतो. आमचा पडद्यावर विश्वास बसला, माणसावर बसला नाही.

दोन दिवसांनी उलगडा झाला. संगणकाच्या आतला वेळ सांभाळणारा छोटा सेल संपलेला होता. वीज गेली की घड्याळ बिघडायचे, आणि घरचा मुलगा अंदाजाने वेळ टाकायचा. ते घड्याळ सव्वा तास पुढे होते. चित्रणातले सव्वादोन म्हणजे खरे एक वाजले होते, आणि एक वाजता त्या कामगाराला तागे काढायला आम्हीच पाठवले होते. ते चुकून दुसऱ्या व्यापाऱ्याच्या गाठीत बांधले गेले होते. आम्ही त्याच चार माणसांसमोर त्याची माफी मागितली. त्याने दिलदारपणे माफ केले. पण एका इमानदार माणसाच्या अब्रूचा सौदा आम्ही काही रुपयांच्या सेलवर केला होता, ही बोच आजही आहे.

ज्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटते त्यांनी जालन्याचे प्रकरण आठवावे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला गेला की नाही, असा वाद होता. पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण पुढे आले. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातील तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की अशा चित्रणाची प्रत दाखल करायची तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे. साऱ्या वादाचा मुद्दा एकच होता, घड्याळात किती वाजले होते. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. आता त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग लागतात, एक यंत्र सांभाळणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. म्हणून घटना घडली की पहिले काम म्हणजे चित्रणाची प्रत ताबडतोब वेगळी काढणे. कोणी, कधी, कोणत्या यंत्रातून काढली आणि त्या वेळी घड्याळ किती मागे-पुढे होते, हे कागदावर लिहून सही करावी. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा आणि गवाह करा, असा हुकूम सूरह बकरामध्ये आहे. लिहिण्याची ही सवय आपल्या धंद्याची जुनीच शान आहे.

यंत्र कसे उभारावे

बाजारात आज तयार पेट्या मिळतात. संगणकावर चालणारी पद्धत मात्र छोट्या दुकानदाराला अजूनही परवडते, कारण पार्ट कुठेही मिळतात आणि दुरुस्ती गावातला मुलगा करतो. झोनमाइंडरसारखे मोफत सॉफ्टवेअर जुन्या संगणकावरही चालते. पण काही गोष्टी आधीच पाहाव्यात.

पहिली गोष्ट कार्डाची. स्वस्त जुन्या कार्डात सेकंदाला २५ चित्रे सर्व कॅमेऱ्यांत वाटली जातात. चार कॅमेरे लावले की एकेकाच्या वाट्याला सहाच येतात, आणि गल्ल्यातून नोट उचलणारा हात नेमका दोन चित्रांच्या मधे निसटतो. विकणाऱ्याला स्पष्ट विचारावे, २५ चित्रे एकूण की प्रत्येकी?

दुसरी गोष्ट साठवणीची. हा हिशेब आपल्याला मीटर-गजासारखा तोंडपाठ असावा. एक कॅमेरा सेकंदाला एक मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला सुमारे ११ जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचे ८६ जीबी. एक टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुने पुसून नवे लिहू लागते. आपला माल मोजायचा रिवाज महिन्याचा असेल, तर चोरी कळेपर्यंत पुरावा पुसलेला असतो. महिन्याच्या साठ्याला अडीच टीबीपेक्षा जास्त जागा हवी. बँकांना तर लॉकरच्या खोलीत येण्या-जाण्याचे चित्रण किमान १८० दिवस ठेवावे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२१ चा आदेश आहे. डिस्कही चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेलीच घ्यावी.

तिसरी गोष्ट तारांची. कॅमेऱ्याची तार विजेच्या तारेशेजारून नेली की पडद्यावर पट्टे येतात. लांबवर बारीक तारेने वीज नेली की १२ व्होल्टचे १० होतात आणि रात्री कॅमेरा बंद पडतो. दाराकडे तोंड करून लावलेल्या कॅमेऱ्यात उजेडामुळे चेहरा काळा येतो, म्हणून आत येणाऱ्याचा चेहरा उजेडात पडेल अशी जागा निवडावी.

चौथी गोष्ट शिस्तीची. तो संगणक त्याच एका कामासाठी ठेवावा. त्यावर बिले करणे, गाणी लावणे, मुलांचे खेळ, हे सारे बंद. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारी मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहे. असे जुने यंत्र वापरायचेच असेल तर त्याला इंटरनेटची तार जोडू नये. मात्र त्याचे घड्याळ मग हाताने मिळवावे लागेल, हे विसरू नये.

जुम्याची दहा मिनिटे

लावण्यापेक्षा सांभाळणे अवघड. आमच्या दुकानात आता दर जुम्याला नमाजला निघण्यापूर्वी दहा मिनिटे ठरलेली आहेत. संगणकाचे घड्याळ मोबाइलशी ताडून पाहतो. काल दुपारचे आणि दहा दिवसांपूर्वीचे चित्रण प्रत्यक्ष चालवून पाहतो, कारण पडद्यावर चित्र दिसते म्हणजे ते साठवले जाते असे नाही. आमचा स्वतःचा अनुभव आहे, डिस्क बंद पडून महिने लोटले होते आणि पडदा मात्र झकास चालू होता. जुम्याच्या या तपासणीची तारीख वहीत लिहितो.

महिन्यातून एकदा कॅमेऱ्याची काच पुसावी. रात्रीच्या लाल दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि जाळ्यामुळे रात्रीचे सारे चित्र पांढरे होते. कापडाच्या दुकानात आणि पॉवरलूमच्या शेडमध्ये तर तंतू उडून संगणकाचा पंखा तुंबतो. तो दोन-तीन महिन्यांनी उघडून झटकावा. सहा महिन्यांनी यूपीएस मुद्दाम विजेवरून काढून किती मिनिटे तग धरतो ते पाहावे. वीज परत आल्यावर संगणक आपोआप सुरू होईल अशी सोय आत करून घ्यावी, नाहीतर रात्री गेलेली वीज परत येते पण गवाह सकाळपर्यंत झोपून राहतो. घड्याळाचा सेल दोन-तीन वर्षांनी न विचारता बदलावा.

नजर कुठे असावी

आता सर्वांत नाजूक बाब. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावण्याची मनाई आहे. कॅमेरा मालावर, गल्ल्यावर आणि दारावर असावा. कपडे बदलण्याची खोली, नमाजची जागा, स्त्रिया बसून शिलाई करतात तो कोपरा, इथे तो नकोच. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील स्त्रियांचे चित्रण बाहेर विकले गेल्याचे उघड झाले. पासवर्ड बदलण्याचा आळस किती महाग पडतो, हे त्यावरून शिकावे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या विषाणूने कारखान्याचे मूळ पासवर्ड तसेच ठेवलेले जगभरचे कॅमेरे असेच ताब्यात घेतले होते. आपल्या दुकानात येणाऱ्या आया-बहिणींची हया ही आपल्याकडची अमानत आहे. कॅमेरा आहे अशी पाटी लावावी, आणि कामगारांना तर आधीच तोंडी सांगावे.

शेवटी पुन्हा शिंगणापूर. मे २०२५ मध्ये तेथील चौथऱ्यावर काम करणाऱ्या मुस्लिम कारागिरांची चित्रफीत मोबाइलवर फिरली आणि काही संघटनांनी आवाज उठवला. जूनमध्ये देवस्थानने १६७ कर्मचारी कमी केले, त्यांत ११४ मुस्लिम होते. देवस्थानने कारण गैरहजेरीचे आणि शिस्तीचे सांगितले. त्याचा निवाडा करण्याची ही जागा नाही. पण कारागीर भाईंनी एक धडा घ्यावा. चित्राचा एक तुकडा फिरतो, त्याच्या आधीचे आणि नंतरचे कोणी पाहत नाही. आम्हीही आमच्या कामगाराबाबत नेमके तेच केले होते. म्हणून आपल्या कामाची, हजेरीची, मिळालेल्या हुकमाची नोंद आपल्याजवळही असू द्या. आणि आपण मालक असू, तर चित्राच्या तुकड्यावरून कोणाची रोजी काढू नका. आधी घड्याळ तपासा, वही तपासा, मग माणसाला एकांतात विचारा.

दारे असोत वा नसोत, धंदा विश्वासावरच चालतो. कॅमेरा त्या विश्वासाची जागा घेऊ शकत नाही, पण नीट सांभाळला तर निर्दोष माणसाला वाचवू शकतो. आम्हाला त्याचा हाच उपयोग मोठा वाटतो. अल्लाह आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या हातून कोणावर जुलूम होऊ न देवो. आमीन.