हललं का?

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला एडिटरचा मेसेज आला. ‘उद्या सकाळी बोलू.’ बस्स! ना स्मायली, ना कशाबद्दल ते. तुम्हीच सांगा, अशा मेसेजनंतर कुणाला झोप लागते? रात्री दीडपर्यंत मी मागचे तीन लेख उघडून चुका शोधत बसले. एक सापडली. मग ती किती महागात पडेल याचा हिशेब, मग फ्लॅटचं भाडं, मग सामान बांधून आई-बाबांकडे परत... इथपर्यंत मी पोचले. सकाळी साहेबांना फक्त एका फोटोग्राफरचा नंबर हवा होता.

तेव्हा मला तलासरीतला तो स्टीलचा ग्लास आठवला.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन हलायला लागली. धुंदलवाडी हे नाव आपल्या मुंबईकरांनी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हाच. धक्के बहुतेक लहान, पण उगम जमिनीखाली फार खोल नाही, त्यामुळे कंपाबरोबर ‘धडाम’ असा आवाज यायचा. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. घाबरून घराबाहेर पळताना पडून एक दोन वर्षांची मुलगी गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये घर कोसळून एका माणसाचा जीव गेला. म्हणजे पळालं तरी धोका, झोपलं तरी धोका.

मी तेव्हा मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गातल्या एका मैत्रिणीचं घर तलासरी तालुक्यात. प्रोजेक्टसाठी कॅमेरा घेऊन आम्ही डहाणू लोकल पकडली आणि पुढे जीपने तिच्या पाड्यावर गेलो. (विरारच्या पुढे लोकल जाते हे आमच्या ग्रुपमधल्या दोघांना त्या दिवशी कळलं. असो.) भिंतींना भेगा, अंगणात ताडपत्री आणि ऐन थंडीत अख्खं घर बाहेर झोपलेलं. आल्या-गेल्याला तिथे ‘कसे आहात’ असं कुणी विचारत नव्हतं. विचारायचे, ‘हललं का?’

मैत्रिणीचा दादा गुजरातच्या हद्दीत एका कारखान्यात शिफ्टला जायचा. त्याने अंगणात खुर्चीवर पाण्याने भरलेला स्टीलचा ग्लास ठेवला होता. पाणी थरथरलं की धक्का! रात्रीतून तो वीस-पंचवीस वेळा त्या ग्लासावर टॉर्च मारायचा. एका वहीत वेळा टिपायचा. शिवाय मोबाइल. ‘आज पहाटे मोठा येणार’ असे फॉरवर्ड येत आणि तो ते वाचून पुढे पाठवी. भूकंपाची वेळ आधी सांगणं आजही जगात कुणाला जमलेलं नाही, हे त्याला माहीत होतं. तरी पाठवायचा. हायवेवरून जड ट्रक गेला तरी हा उठून उभा. तीन महिने झोपेचं खोबरं, मशीनवर डुलक्या आणि बायकोवर खेकसणं.

त्याला वेडा ठरवू नका हं. किल्लारीचं उदाहरण त्याला तोंडपाठ होतं. तिथे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सगळं गेलं, पण त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, तिथेही लहान धक्के बसत होतेच. ‘मग आमचं काय?’ या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. अशी धक्क्यांची मालिका पुष्कळदा मोठ्या भूकंपाशिवाय विरून जाते, पण ‘पुष्कळदा’ या शब्दावर डोकं टेकून कोण झोपणार?

आणि त्याच अंगणात, चार हातांवर, आजी मस्त घोरत होती!

मला वाटलं, म्हातारी आहे, कळत नसेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचं काम पाहिलं आणि खजील झाले. फळीवरची जड भांडी तिने खाली जमिनीवर मांडली. चूल नीट विझवली. रेशन कार्ड, आधार कार्ड, थोडे पैसे, बिस्किटाचा पुडा आणि टॉर्च एका पिशवीत घालून ती दाराजवळच्या खुंटीला अडकवली. बाहेर पडायच्या वाटेत आलेली नातवाची सायकल बाजूला ओढली. मग आडवी झाली. भीती नाही वाटत का, असं मी विचारलं. ती तिच्या वारली बोलीत बोलली, मी माझ्या मराठीत सांगते : ‘वाटते ना. पण माझं काम झालं. आता जमीन तिचं काम करेल.’

दोघांचीही जमीन एकच आणि धोकाही एकच. पण आजीची पिशवी धक्का बसल्यावर उपयोगी पडणार होती. दादाचा ग्लास फक्त धक्का बसल्याचं सांगणार होता, आणि ते त्याला पायाखाली कळलंच असतं. मग तो बघायचा कशाला? कारण पाणी स्थिर दिसलं की दोन मिनिटं बरं वाटतं. तिसऱ्या मिनिटाला मन म्हणतं, आता? पुन्हा बघ. प्रत्येक वेळी बघून सुटका मिळते, म्हणून बघायची सवय आणखी पक्की होते. काळजीचं यंत्र असं चालतं. आपण व्हॉट्सॲपचे निळे टिक बघतो, बॉसचं ‘लास्ट सीन’ बघतो, पाठवलेला मेल पाचव्यांदा वाचतो... तोच ग्लास, फक्त स्क्रीनचा!

१९५५ च्या सुमारास अमेरिकेत अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. त्याचं म्हणणं साधं होतं. घटना त्रास देतेच, पण तिच्याकडे बघताना आपण धरलेला हट्ट तो त्रास कैकपट करतो. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो : ‘च’. मला आधी कळलं‘च’ पाहिजे. सगळं ठीक झालं‘च’ पाहिजे. दादाचा ‘च’ जमिनीशी होता, माझा एडिटरशी. अर्थात, भेगा पडलेल्या घरातल्या माणसाला ‘पॉझिटिव्ह विचार कर’ म्हणून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. त्याला आधी पक्कं घर हवं. आजीसुद्धा पॉझिटिव्ह वगैरे नव्हती. उद्या घर पडेल हे धरूनच तिने पिशवी भरली होती.

फोटोग्राफरच्या नंबरनंतर मी एक प्रयोग सुरू केलाय. काळजीला वेळ ठरवून दिलाय : संध्याकाळी सात ते सव्वासात. मानसोपचारात हे तंत्र वापरतात. दिवसभरात एखादी भीती आली की वहीत एक ओळ लिहायची आणि सातची अपॉइंटमेंट द्यायची. सात वाजता प्रत्येक ओळीपुढे विचारायचं, यात पिशवीत भरण्यासारखं काय आहे? असेल तर लगेच करायचं. नसेल तर तो ग्लास. पहिले तीन दिवस मी सपशेल नापास. चौथ्या दिवशी सातला वही उघडली तर अर्ध्या ओळी मलाच हास्यास्पद वाटल्या. उरलेल्या अर्ध्या नाही वाटल्या, हेही सांगते. आणि आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल तर वहीवर विसंबू नका. सरकारची ‘टेली मानस’ हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट. मराठीत बोलता येतं.

परवा पुन्हा तलासरीला जाऊन आले. आजी आता नाही. दादाला मुलगी झालीये आणि धक्के आता कमी झालेत. ग्लासचं विचारलं तर तो लाजला. ‘ताई, त्यातूनच पाणी पितो आता.’

रात्री अकराच्या सुमारास खिडकीची काच थरथरली. मी ताडकन उठून बसले. ‘ट्रक आहे, झोपा,’ दादा अंधारातून म्हणाला. पाचेक मिनिटांनी तोच उठला, दाराशी गेला आणि खुंटीवरची पिशवी चाचपून परत येऊन झोपला.