आठ तारा आणि एक पदवी

संध्याकाळी कात्रजच्या कुठल्याही सोसायटीत मुलांनी चेंडू टोलवला, तर तो हमखास एखाद्या इंजिनिअरच्याच काचेवर बसतो. त्या काचेमागे तो इंजिनिअर बहुधा इंटरनेटवाल्याची वाट पाहत बसलेला असतो. हॉलमधलं वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही, एवढंच त्याचं दुःख. मधल्या भिंतीतून एक वायर ओढली की प्रश्न मिटला. पण ओढायची कोणी? ‘हे आपलं काम नव्हे’ हे वाक्य आपल्या घरांत अजून शाबूत आहे. तुळशीवृंदावनं गेली तरी.

माझं म्हणणं सरळ आहे : नेटवर्कची केबल घरी बनवावी.

‘तयार मिळते की बाजारात!’ मिळते. टेबलावरच्या टेबलावर हातभर वायर हवी असेल, तर खुशाल तयार घ्या. पण भिंतीतून न्यायची झाली, तर तयार वायरीला दोन्हीकडे डोकी असतात आणि ती भोकातून जात नाहीत. मग भोक मोठं करायला ड्रिलवाला, ते बुजवायला गवंडी आणि गवंड्याने केलेलं झाकायला रंगारी. शिवाय घराला हवी असते सात मीटर आणि दुकानात असते दहा. उरलेल्या तीन मीटरचं वेटोळं टीव्हीमागे असं बसतं, की पाहुण्यांना वाटावं, कात्रजच्या सर्पोद्यानातून सुटून आलंय.

घरी बनवताना वायर आधी बिनडोक अवस्थेत सरकवायची आणि मग तिला डोकं बसवायचं. कचेऱ्यांत आपण माणसंही अशीच आत सरकवतो. फक्त दुसरी पायरी राहून जाते.

तेव्हा बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठा. वायर, कनेक्टर, क्रिंपिंगची पक्कड आणि टेस्टर मागा. वायर अस्सल तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण ब्लेडने खरवडली की आतून पांढरी निघते.

वायरीच्या पोटात आठ तारा, म्हणजे चार जोडपी : नारिंगी, हिरवं, निळं, तपकिरी. प्रत्येक जोडपं एकमेकांना पीळ घालून बसलेलं. हा पीळ शोभेचा नाही. ॲलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. बाहेरचा गोंगाट दोघांच्या कानावर सारखाच पडतो आणि पलीकडचं यंत्र दोघांतला फरक तेवढाच वाचतं. शेजाऱ्यांची बडबड आपोआप वजा. म्हणून टोकाशी पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नये. संसारातही नको.

आता क्रम : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. हिरव्या नवरा-बायकोच्या मध्ये निळं जोडपं, जणू गर्दीच्या एस्टीतलं बाक. हुशार माणसाला हे बघवत नाही. तो जोडप्यांना शेजारी शेजारी बसवतो. पण तिसरी आणि सहावी जागा एकाच जोडप्यासाठी राखलेली असते. तिथे आता दोन घरची माणसं येतात. टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात आणि इंटरनेट मात्र अडखळत राहतं. सगळे दिवे चालू आणि काम बंद, हा प्रकार पुणेकरांना नवा नसावा.

खरा मुद्दा वायरीचा नाहीच. ‘शिकलेल्या माणसाने पक्कड धरायची?’ हा आपला जुना रोग आहे. डोक्याचं काम वरचं, हाताचं खालचं, ही उतरंड आपण जातीबरोबर घरात आणली आणि पदवीबरोबर भिंतीवर टांगली. याच कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांच्या काळात (१७४० ते १७६१) भुयारी नळातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी गेलं. पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर. नानासाहेबांचं नाव आपल्याला पाठ आहे. दगड सांधणाऱ्या एका तरी गवंड्याचं नाव सांगा बघू!

‘मग वायरमनच्या पोटावर पाय आणायचा का?’ अहो, त्याला कामाची ददात नाही. तो वेळेवर येत नाही ते त्याचमुळे. उलट या आठ तारा एकदा स्वतः ओळीत लावून पाहा. एक सरळ करावी तर दुसरी वाकडी होते. तीन कनेक्टर वाया जातात, चौथा जमतो. त्यानंतर वायरमन दारात आला, की ‘ए, इकडे ये’ म्हणायला जीभ वळत नाही. आपण त्याला ‘अहो’ म्हणतो, चहा विचारतो आणि सांगितलेले पैसे घासाघीस न करता देतो.

एवढं साधलं, तर इंटरनेट थोडं हळू चाललं तरी माझी तक्रार नाही.