तिकीट कोरे की शिक्क्याचे?

टपालाची तिकिटे जमवू लागलेल्या मुलास लवकरच एक प्रश्न पडतो. कोरे तिकीट अधिक मोलाचे की वापरलेले? बहुतेकांचा कौल कोऱ्याकडे असतो. काळ्या शिक्क्याने डागाळलेले चित्र कोणास आवडेल?

बाजारभाव पाहू गेल्यास हे मत पुष्कळ अंशी खरेही ठरते. इंग्लंडात ६ मे १८४० रोजी वापरात आलेले ‘पेनी ब्लॅक’ हे जगातील पहिले चिकटवावयाचे तिकीट. त्याच्या सुमारे पावणेसात कोटी प्रती छापल्या गेल्या आणि बहुतेक पत्रांवर लागल्या. त्यामुळे वापरलेली प्रत आजही फारशी दुर्मीळ नाही. मूळ डिंकासह राहिलेली कोरी प्रत मात्र कितीतरी महाग. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९४८ रोजी महात्मा गांधींची चार तिकिटे निघाली. त्यांपैकी एक दहा रुपयांचे होते. नुसते जपून ठेवण्याकरिता त्या काळी दहा रुपये कोण मोजणार? आज तेच कोरे तिकीट शिक्क्याच्या तिकिटापेक्षा अधिक भाव खाते.

परंतु एवढ्यावरून निकाल देणे घाईचे होईल. जर्मनीत १९२३ साली चलनाची किंमत इतक्या झपाट्याने घसरली की, कोट्यवधी मार्कांची तिकिटे छापावी लागली आणि ती अल्पावधीतच निरुपयोगी झाली. कोऱ्या तिकिटांचे ढीग उरले. त्यांतील काही तिकिटांच्या बाबतीत शिक्क्याचेच मोल अधिक. इतके की, लबाडांनी खोटे शिक्केही मारले! याउलट काही देशांनी संग्राहकांस विकण्यासाठी तिकिटांच्या अख्ख्या तावांवर आधीच शिक्के उमटवले. अशा तिकिटाच्या पाठीचा डिंक शाबूत असतो. त्याने शिक्का मिळवला, प्रवास केला नाही. जाणता संग्राहक त्यास सहसा हात लावीत नाही.

जगातील सर्वांत प्रसिद्ध तिकीट तर वापरलेलेच आहे. ब्रिटिश गियानाच्या १८५६ च्या एक सेंटच्या किरमिजी तिकिटाची एकच प्रत ज्ञात आहे. ती १८७३ साली लुई व्हॉन या बारा वर्षांच्या मुलास घरातील जुन्या पत्रांत सापडली. तिच्यावर डेमेरारा येथील शिक्का आणि टपाल कर्मचाऱ्याची आद्याक्षरे आहेत. मुलाने ती सहा शिलिंगांस विकली. २०२१ साली तीच सुमारे ८३ लाख डॉलरना गेली.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात राजूर हे डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. सह्याद्रीच्या या कुशीतील पावसाळी दमट हवेत कोरी तिकिटे जपणे सोपे नव्हे. डिंक ओलावा धरतो, तिकिटे एकमेकांस चिकटतात आणि सोडवू जाता फाटतात. पण राजूरच्या मुलाने शिक्क्याचे तिकीट श्रेष्ठ मानावे, याचे हे लहानसे कारण झाले. मोठे कारण असे की, कोऱ्या तिकिटाची दुसरी प्रत पुणे-मुंबईच्या दुकानांत मिळू शकते. राजूरच्या डाकघराचा स्पष्ट तारखेचा शिक्का असलेले पत्र राजूरच्याच घरांतून शोधावे लागते. बाजारात त्यास कदाचित चार आणेही कोणी देणार नाही. न देवो! ते पत्र कोणत्या दिवशी निघाले, कोणास गेले आणि त्या वेळी गावाचा पत्ता कसा लिहीत, हे कोरे तिकीट कधीही सांगू शकणार नाही. जिल्ह्याचे नाव २०२४ साली बदलले, ‘जि. अहमदनगर’ हा पत्ता आता अशाच पाकिटांवर वाचावयास मिळेल.

म्हणून तिकीट पाण्यात भिजवून सोडविण्याची घाई करू नये. तसे करताच पत्ता जातो, पाकिटावरचा अर्धा शिक्का जातो आणि हाती उरतो तो कागदाचा एक रंगीत तुकडा. जुने पाकीट सबंध ठेवावे, हेच उत्तम. रजिस्टर्ड टपालाची स्वतंत्र सेवाही २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. तेव्हा तशी जुनी पाकिटे तर विशेष सांभाळावीत. कित्येक घरांत पूर्वी आलेली पत्रे तारेला टोचून ठेवीत. ती तार अजून एखाद्या खुंटीला असेल, तर रद्दीवाला येण्यापूर्वी ती खाली उतरवावी.