पाव खाणाऱ्याचा कायदा

बेकरीत राबणाऱ्याला पिठामुळे दमा लागतो, हे वैद्यकाला तीनशे वर्षांपासून ठाऊक आहे. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात पीठ चाळणाऱ्यांचा आणि पाव करणाऱ्यांचा खोकला, बसलेला घसा, लागणारी धाप यांची नोंद आहे. तोंडाला फडके बांधूनही पीठ आत जातेच, हेही त्याने टिपले. तरीही कायदा भट्टीत शिरला तो बहुतेक वेळा पाव खाणाऱ्याची काळजी घेऊन.

लंडनचेच पाहा. रात्र रात्र तळघरात कणीक तिंबणाऱ्या कामगारांच्या तक्रारींवर सरकारने नेमलेले चौकशी आयुक्त ट्रेमेनहीर यांचा अहवाल १८६२ साली आला. लोक हादरले ते पावात घाम, जळमटे आणि तुरटी निघते हे वाचून. पुढच्या वर्षी झालेल्या कायद्याने भट्ट्यांची स्वच्छता सक्तीची केली आणि अठरा वर्षांखालील मुलांचे रात्रकाम थांबवले. प्रौढ कामगाराचे तास मात्र होते तसेच राहिले.

न्यूयॉर्क राज्याने १८९५ साली हे तास दिवसाला दहा आणि आठवड्याला साठवर आणले. १९०५ मध्ये बेकरीमालक लॉकनर यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती मर्यादा रद्द केली. पाव भाजणे हा काही फारसा अपायकारक धंदा नव्हे, असे बहुमत म्हणाले. पिठाची धूळ सतत छातीत गेल्याने फुप्फुसे आणि श्वासनलिका सुजतात, हे न्यायमूर्ती हार्लन यांनी भिन्नमतात नोंदवले होते. ते नोंदीतच राहिले.

विसाव्या शतकात कारण उलगडले. पिठातल्या प्रथिनांना शरीर शत्रू मानू लागते. आधी शिंका, वाहते नाक, डोळ्यांची खाज. मग काही महिन्यांनी किंवा वर्षांनी धाप. सुट्टीच्या दिवशी बरे वाटते, कामावर परतले की पुन्हा छाती भरते. गंमत म्हणजे याच माणसाला पाव खाल्ला तर सहसा काही होत नाही. दोष एकट्या गव्हाचा नाही. सोयापीठ, अंड्याची भुकटी, तीळ हेही त्रास देतात. पाव फुगावा, मऊ राहावा म्हणून मिसळले जाणारे बुरशीजन्य अल्फा-अमायलेज हे विकरही तसेच. त्याचा दोष जर्मनीतल्या संशोधकांनी १९८६ साली दाखवला. ब्रिटनने १९८२ पासून पिठाच्या धुळीने होणारा दमा भरपाईस पात्र व्यवसायजन्य आजार मानला आहे.

आपल्याकडे २०२० च्या लेबल नियमांनुसार पाकिटावर गहू, सोया, अंडे, दूध यांचा इशारा छापावा लागतो. गोणी फोडणाऱ्याला असा इशारा कोण देतो? जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. शहराच्या हवेसाठी ते हवेच होते. पण धुराड्याबाहेरच्या हवेचा विचार झाला, तसा मिक्सरपाशी उभ्या असलेल्याच्या हवेचाही व्हायला हवा.

उपाय साधे आहेत. गोणी झटकू नये, उंचावरून ओतू नये. मिक्सर झाकून आधी संथ फिरवावा. परथणाचे पीठ मुठीने उधळण्याऐवजी चाळणीने भुरभुरावे, जमेल तिथे तेलाचा हात फिरवावा. कोरड्या झाडूऐवजी ओले पुसावे. विकरे भुकटीऐवजी द्रवरूपात घ्यावीत. यातल्या बहुतेकांना पैशापेक्षा सवय बदलावी लागते. धूळ खेचणाऱ्या पंख्याला खर्च आहे. पण इंधन बदलण्यासाठी भट्ट्यांची मोडतोड होणारच असेल, तर तो बसवायची वेळ हीच.

छोट्या बेकऱ्या कारखान्यांविषयीच्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, ही नेहमीची पळवाट आहे. पण अन्न परवाना किंवा नोंदणी त्यांनाही लागते आणि तपासणीही होऊ शकते. मग त्याच तपासणीत धुळीची पाहणी आणि कामगारांच्या श्वासाची चौकशी जोडावी. खाणाऱ्यासाठी केलेला कायदा एवढ्याने करणाऱ्याच्याही कामी येईल.