ऑनलाइन माल आणि कारागिराचा हक्क

शिलाई मशीनची मोटर ऑनलाइन मागवली, पैसे आगाऊ भरले. चौथ्या दिवशी मोबाइलवर संदेश आला, 'माल पोहोचवला.' दुकानात मात्र काहीच आले नव्हते. कुरिअरच्या कार्यालयात गेलो तर म्हणाले, 'कंपनीला विचारा.' कंपनीला फोन लावला तर रेकॉर्ड केलेला आवाजच बोलत राहिला. तोवर मशीन बंद आणि गिऱ्हाइके नाराज!

आपले कारागीर बंधू अशा वेळी नशिबाला बोल लावून गप्प बसतात. हे योग्य नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे व एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा.

'धंद्यासाठी घेतले, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही,' असे कुणी सांगेल. पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाबाबत ते खरे आहे. परंतु केवळ स्वतः राबून पोट भरण्यासाठी यंत्र घेणारा कारागीर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकच ठरतो.

म्हणून बंधूंनो, बिल आणि संदेश जपून ठेवा, तक्रार लेखी करा. आणि आपण स्वतः माल पाठवतो तेव्हा आपल्या गिऱ्हाइकावर अशी पाळी येणार नाही, याचीही काळजी घ्या.