शेगडीवरचं बेसबॉल

अमेरिकेत बेसबॉलचा सीझन संपला की खरी मॅच सुरू होते. ऐन थंडीत ‘कोण येणार, कोण जाणार’ची चर्चा. शेगडीभोवती रंगणारी, म्हणून तिचं नावच ‘हॉट स्टोव्ह लीग’! बॉस्टनमधल्या मित्रमंडळींमुळे मलाही तिचं व्यसन लागलंय. पिचर कमी, शॉर्टस्टॉप कच्चा... मग कुणाला देऊन कुणाला आणायचं? जो तो स्वयंघोषित जनरल मॅनेजर.

फेब्रुवारी २०२०चा विषय निघाला की मात्र आवाज चढतात. रेड सॉक्सनी मूकी बेट्सला डॉजर्सकडे धाडलं. का? तर सीझननंतर तो फ्री एजंट होणार, फुकट कशाला घालवा? हिशेब चोख. पण त्याच वर्षी डॉजर्सनी वर्ल्ड सीरिज जिंकली!

मला आठवतो तो कर्ट फ्लड. १९६९मध्ये कार्डिनल्सनी त्याला फिलाडेल्फियाला ‘ट्रेड’ केलं. पठ्ठ्या गेलाच नाही. कोर्टात भांडला, १९७२मध्ये सुप्रीम कोर्टात हरला. फ्री एजन्सीचं दार उघडलं ते १९७५च्या लवादानं. आज लीगमध्ये १० वर्षं आणि त्यातली शेवटची ५ एकाच टीममध्ये काढलेला खेळाडू ट्रेडला नकार देऊ शकतो. बाकीच्यांनी, करारात तशी अट नसेल तर, मुकाट बॅग भरायची.

आपणही पॅकेज बघून कंपनी बदलतो. पण निदान राजीनामा आपण देतो ना? तेव्हा बॉस, ‘देऊन टाका त्याला’ म्हणण्याआधी जरा थांबा. त्याच्याही पोरांची शाळा त्याच शहरात असते.